दहापैकी दहा

४ मार्च
आजपासून हीसुद्धा माझ्या शिकवणीला बसली! साठी उलटल्यावर इंग्रजी! पोरांच्या मागे, दाराजवळच्या स्टुलावर. म्हटलं, "अगं, हे काय खूळ?" तर म्हणे, "जगाला शिकवता, मग मलाच का नाही?" धडा प्रश्न करण्याचा — वाक्यातलं साहाय्यक क्रियापद उचलायचं, कर्त्याच्या आधी ठेवायचं, शेवटी प्रश्नचिन्ह. पोरं फिदीफिदी हसत होती. ही मान खाली घालून लिहीत होती.

१९ मार्च
शाळेतलं इंग्रजी बरंच आठवतंय हिला. पण 'डू'पाशी घोडं अडतं! 'आय फील टायर्ड'चा प्रश्न केला 'फील आय टायर्ड?' साहाय्यक नसेल तर 'डू' आणायचा, हे सांगून सांगून तोंड दुखलं. दहादा लिहून घेतलं.

२ एप्रिल
गृहपाठ — पाच वाक्यं मनाची, पाचांचे प्रश्न. हिला दहापैकी दहा! वही वर्गात उंच धरून दाखवली. जेवताना म्हणाली, "वाचलंत ना सगळं?" म्हटलं, "अक्षरन् अक्षर. एक चूक नाही!" मग ताट उचलून आत गेली.

९ एप्रिल
ही शिकवणीला आली नाही. नव्याचे नऊ दिवस!

२३ मे
ही जिन्यात मटकन बसली. उठवेना. दवाखान्यात नेलं. हृदयाचं दुखणं, बरंच वाढलेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्रास कधीपासून आहे?" मी हिच्याकडे बघितलं. "यांना सांगितलं होतं," एवढंच म्हणाली. मी तिथंच भडकलो — कधी सांगितलंस?

२४ मे
तिचं 'वाचलंत ना सगळं?' रात्रभर आठवत राहिलं. घरी येऊन तिची वही काढली. २ एप्रिलचं पान. इंग्रजीत लिहिलंय, अर्थ असा —
मला जिना चढवत नाही. मला जिना चढवत नाही का?
माझ्या छातीत दुखतं. माझ्या छातीत दुखतं का?
मला भीती वाटते. मला भीती वाटते का?
हे बरं होईल. हे बरं होईल का?
तुम्ही माझ्याबरोबर डॉक्टरांकडे याल. तुम्ही माझ्याबरोबर डॉक्टरांकडे याल का?
प्रत्येकापुढे माझी लाल खूण. तिसऱ्या ओळीत राहिलेला पूर्णविरामसुद्धा मीच दिलाय! खाली सही, 'उत्तम'.
सात आठवडे वाया घालवले मी. माझी मलाच लाज वाटते.

२५ मे
उद्या ऑपरेशन. विचारलं, "अगं, तोंडानं का नाही सांगितलंस?"
"सांगत होते की. मी बोलले की तुम्ही पेपर तोंडासमोर धरता. वही मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचता. म्हणून तर बसले शिकवणीला."