स्वस्तातली गन, हवेतलं तूस

३ एप्रिल, गुरुवार

व्याह्यांची गाडी आज मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लागली. आबा धरणगावहून स्वतः चालवत आले, चहा घेतला, संध्याकाळच्या रेल्वेने परत गेले. गाडी छोटीच, मरून. छत आणि बॉनेट उन्हाने पांढुरकं, दारांच्या खाली गंज. निलेशला म्हणाले, "घ्या जावईबापू. तुमचं घरचं गॅरेज चालतं का, ते आमच्याच गाडीवर बघू. रंग धड आला तर आखाजी झाली की पोरीला मी स्वतः आणून सोडतो."

नाही आला तर काय, हे ते बोलले नाहीत. आम्हीही विचारलं नाही.

पांडेसऱ्याची कापडमिल दिवाळीनंतर उघडलीच नाही, तेव्हापासून नि. घरी. सून कविता नातीला, चिऊला, घेऊन होळीनंतर माहेरी गेली. इथे सुरतेत, गोडादऱ्यातल्या आमच्या गल्लीत, आम्ही सांगतो, आखाजीला गेलीय. खानदेशातल्या लेकी आखाजीला, अक्षय्यतृतीयेला, माहेरी जातातच, त्यामुळे कोणी पुढे विचारत नाही. जरा लवकर गेली, एवढंच.

५ एप्रिल, शनिवार

नि.बरोबर उधन्याला, स्प्रे गन बघायला. पेपरात असताना प्रत्येक बातमीच्या सगळ्या बाजू मागायचो, ती खोड गेली नाही. इथेही तीन बाजू निघाल्या.

एक गन थेट प्लगमध्ये लावायची. कॉम्प्रेसर नको, काही नको. सगळ्यांत स्वस्त. माझा हात तिच्याकडेच गेला. दुकानदार हसला, "काका, गेट रंगवानो छे के गाडी?" गाडी म्हटल्यावर त्याने ती परत खोक्यात ठेवली. जाड थेंब टाकते म्हणे.

दुसरी गॅरेजवाले वापरतात ती, वर कप असलेली. फवारा मऊ, रंग वाया कमी जातो, पण हवा फार पिते. आपला कॉम्प्रेसर पंक्चरवाल्याकडून आणलेला, जुना, छोटा. तिसरी दिसायला अगदी तशीच, पण कमी हवेवर चालणारी. घरच्या कामाला तीच बरी, असं दुकानदारच म्हणाला. आणि तीच दुकानात नाही.

नि.ला दुसरी हवी. रिकाम्या हाताने परत.

८ एप्रिल, मंगळवार

नि.ने दोन महिने ज्या गॅरेजात हात बसवला तिथून दुसऱ्या प्रकारची गन दिवसापुरती मागून आणली. शेडमधल्या एका जुन्या पत्र्यावर करून पाहिलं. पहिला हात सुरेख. दुसऱ्या हाताला कॉम्प्रेसर धापा टाकायला लागला आणि गन थुंकायला लागली. पत्र्यावर रंग खडबडीत, संत्र्याची साल. नि.ने थांबून टाकी भरू दिली, पुन्हा मारलं, पुन्हा तेच.

मोठ्या कॉम्प्रेसरला पैसे नाहीत.

मंगला, नि.ची आई, आतून, "थिनरना वास भाकरीले बी लागी ऱ्हायना!" खोटं नव्हतं. भाकरीला वास येत होता.

११ एप्रिल, शुक्रवार

तिसरी गन सांगितली. अहमदाबादहून येईल, "दो दिन". मी दुकानदाराला विचारत होतो की सुई, नोझल, वॉशर सुटे मिळतात का. थिनरने वॉशर फुगला की अख्खी गन फेकायची, अशी नको होती. नि. वैतागला. "दादा, तुम्ही गन घेताय का बातमी तपासताय?"

सुटे भाग मिळतात. गंज घासून झाला, पुट्टी भरून झाली. काचांना आणि दिव्यांना कागद लावायचे बाकी. माळ्यावरचे माझे जुने अंक काढून दिले.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. शिवाय सोमवार, म्हणजे गल्लीतल्या लूमची, यंत्रमागांची, सुट्टी. चौकात सकाळपासून स्पीकर, जयंतीला लाइटवाले तारांना हात लावत नाहीत, त्यामुळे लाइट मिनिटभरही गेली नाही. एरवी लूमच्या खटखटीत बोलणं ऐकू येत नाही, आज स्पीकरमुळे. मंगलाने गच्चीवर पापड वाळत घातले, संध्याकाळी खूश होऊन खाली आली. एकाही पापडावर लूमचं पांढरं तूस नाही.

गन आली नाही. दुकानदार फोन उचलत नाही. नि. मिरवणूक बघून आला. चिऊसाठी निळा फेटा आणलाय, तिच्या डोक्यापेक्षा मोठा. तिच्या खुंटीवर लावून ठेवला.

१७ एप्रिल, गुरुवार

आली. खोकं साधं, आतली गन मात्र गोजिरी. नि.ने भिंतीला जुना अंक चिकटवून फवारा तपासला. लांबट, मध्ये भरीव, कडेला विरळ. हवा तसाच. अग्रलेख मरून झाला. फार वर्षांनी कोणी तरी त्याचा उपयोग केला.

मग साफ पत्र्यावर एक हात, दुसरा हात. कॉम्प्रेसरने धाप टाकली नाही. ओल्या रंगात शेडचं छत दिसत होतं. नि. एवढा उभा राहून बघत होता की मीच त्याला तोंडावरचा मास्क काढायला सांगितला.

रात्री कविताचा फोन, मंगलाला. "गन आली का?" आली. "मग?" चालली. एवढंच. पण तिने विचारलं.

१८ एप्रिल, शुक्रवार

सकाळी पत्रा बघितला. रंगात पांढरे तंतू, अंगभर. नखाने निघत नाहीत. गनमध्ये काही दोष नाही.

समोर मनसुखभाईंचं लूमचं खातं, म्हणजे कारखाना. खिडकीचे पंखे आमच्या तोंडावर. त्यांना सांगितलं. वाईट माणूस नाही, खाली येऊन पत्रा हातात घेऊन बघितला. "रूंछां तो उडशे ज ने, काका. लूम छे." तूस उडणारच म्हणे. मग म्हणाले, गाडी रंगवायची तर सोमवारी रंगवा, आम्ही बंद असतो.

बरोबर आहे. सोमवारी.

१९ एप्रिल, शनिवार

अस्तर मारून घेतलं. त्यावर तूस बसलं तरी चालतं, पाणी लावून घासलं की जातं. नि. दिवसभर घासत होता. करड्या रंगात गाडी नवीन दिसते. बाजूच्या वहिनी दारातून, "मंगलाताई, सून कधी येतेय?" आखाजी झाली की. "हो ना, आखाजी कशी सोडेल." मंगलाने पदराने हात पुसले, हात कोरडेच होते.

२१ एप्रिल, सोमवार

लूम बंद. हवा स्वच्छ. नि. पहाटे उठून रंग कालवायच्या तयारीत. नऊला लाइट गेली.

लूमची सुट्टी म्हणून लाइटवाले तारांचं काम सोमवारीच काढतात. कारखानदारांचं नुकसान होऊ नये म्हणून. वर्षानुवर्षं असंच आहे. आम्हाला काय, सोमवारी पंखा नाही एवढंच ठाऊक होतं; पंखा नाही म्हणजे कॉम्प्रेसरही नाही, हे सुचलंच नाही. संध्याकाळी आली तेव्हा अंधार पडत होता आणि शेडमधल्या एका बल्बखाली रंग लावणार नाही, असं नि. म्हणाला. बरोबरच म्हणाला.

म्हणजे तूस नसतं तेव्हा लाइट नसते. दोन्ही जमलं असा एकच दिवस होता, गेल्या सोमवारचा. तेव्हा गन अहमदाबादला होती.

२४ एप्रिल, गुरुवार

शेड बंदिस्त करायची ठरली. सुरतेत काहीही झाकायचं तर कापडच. मनसुखभाईंनी खराब निघालेला पांढरा ताका पाठवून दिला, "मफत, काका, पैसानी वात नथी." त्यांना खरंच वाईट वाटतंय. चारी बाजूंनी कापड सोडलं, वरून पत्र्याखाली ताणलं, खाली जमिनीवर पाणी मारलं. मंगला डोकावली, "लगीन कोनं शे?" तिघंही हसलो. या महिन्यात पहिल्यांदा.

फट राहिली का बघायला नि. आत उभा राहिला आणि मी बाहेरून बॅटरी मारली. कुठेच नाही.

२६ एप्रिल, शनिवार

मारला. मरून दोन हात, वरून चकाकीचा पारदर्शक हात. गन शेवटपर्यंत एकसारखी चालली, एकदाही थुंकली नाही. ओघळ नाही, साल नाही. नि.चं मनगट आता बसलंय. बॉनेटमध्ये वरचं ताणलेलं कापड दिसत होतं, त्याच्या घड्यांसकट.

आबांना फोन केला. "शनिवारी येतो," म्हणाले.

२७ एप्रिल, रविवार

कागद काढले. गाडी ढकलत उन्हात आणली.

सगळीकडे. बॉनेट, छत, दारं. पत्र्यावर होतं त्याहून जास्त. चकाकीच्या आत अडकलेले बारीक पांढरे तंतू.

आम्हाला वाटलं फट राहिली असेल. मी पुन्हा बॅटरी घेऊन फिरलो. नि. तेवढ्यात लोंबणाऱ्या कापडाचं टोक चुरगाळत उभा होता. बोटं उघडून दाखवली. बोटांना तूस.

"दादा, हे कोरं आहे."

मला कळलं नाही.

"लूमवरून उतरलेलं. धुतलेलंच नाही. गनची हवा लागली की सोडणारच ते." मग जरा वेळाने, "मिलमध्ये मी काय करत होतो? हेच धुवत होतो. कोरा माल आधी धुवायचा, मगच रंगाला घ्यायचा. नव्या पोरांना मीच सांगायचो."

मंगला पायरीवर बसली होती. ताका ज्यांनी पाठवला ते मनसुखभाई, ज्यांनी टांगला ते आम्ही. सगळ्या गल्लीचं पोट या कापडावर. कोणालाही सुचलं नाही.

२८ एप्रिल, सोमवार

लूम बंद. लाइट बंद. आज तर आदल्या दिवशी मेसेजही आला होता.

नि. हाताने घासून बघतोय. बॉनेटच्या कोपऱ्यात घासलं तर तंतू निघाले, चकाकीही निघाली. उरलेल्या रंगात अख्ख्या गाडीचा एक हातही होणार नाही. पेपरात पान छपाईला सोडायची वेळ झाली की जसं असेल तसं सोडायचो, चूक उद्या बघू म्हणून. दुसऱ्या दिवशी दुसरा अंक निघायचा.

३० एप्रिल, बुधवार

आखाजी. मंगलाने सकाळी घागर भरली, खापराचे मांडे केले, आमरस. सवयीने पाच जणांचे मांडे. उरलेले मनसुखभाईंकडे दिले. त्यांनी गाडीचं विचारलं. छान झाली, सांगितलं.

चिऊ फोनवर. झोका बांधलाय, कडुनिंबाला. मागे कोणी बाया गाणं म्हणत होत्या. "आजोबा, तुम्ही ढकलायला या ना." नि.शी बोल म्हटलं तर म्हणाली, "बाबांना सांगा, मी झोक्यावर आहे." फोन दुसऱ्या कोणी तरी ठेवला.

उद्यापासून गल्लीत सांगायला काही नाही.

३ मे, शनिवार

आबा आले. एकटेच. पिशवीत आमच्यासाठी कैऱ्या.

गाडीभोवती एक चक्कर मारली. वाकून दाराखाली बघितलं, गंजाची जागा बोटाने चाचपली. "हे काम पक्कं केलंय." मग बॉनेटवर तळहात ठेवला, काढून बघितला, पुन्हा ठेवला.

"हे काय?"

"तूस," नि. म्हणाला. "हवेतलं. आणि कापडाचं. माझी चूक. आठ दिवस द्या आबा, सगळं घासून परत मारतो."

"गाडी लागते मला."

"मग चार."

"चार दिवसांत इथली हवा बदलेल?" टोमणा नव्हता. खरंच विचारत होते.

जेवताना बोलणं पावसाचं, कापसाचं. हात धुताना माझ्याकडे वळून म्हणाले, "चिऊचं नाव तिकडच्या शाळेत सांगून ठेवलंय. घातलं नाही. सांगून ठेवलंय."

मी म्हटलं, "बरं."

मंगला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "आबा, पोरलेबी तं इचारा. कवितानं मन काय शे?" आबा चप्पल घालत होते. "ती काही बोलतच नाही, ताई. तोच तर घोर आहे."

तीनच्या सुमाराला गाडी घेऊन गेले. निळा फेटा मंगलाने मागच्या सीटवर ठेवून दिला. कोपऱ्यावर वळताना उन्हात गाडी एकदम चकाकली, लांबून काहीच दिसत नाही.

वहिनींना काय सांगायचं यावर आमचं काही ठरलं नाही. वहिनींनी विचारलंही नाही. आबा एकटे आले, गाडी घेऊन एकटेच गेले, हे त्यांनी बघितलं होतं.

५ मे, सोमवार

लूम बंद. आणि लाइट आहे. कशी, माहीत नाही. नि. दर थोड्या वेळाने बटण दाबून बघत होता. दुपारपर्यंत गेली नाही. शेडमधलं कापड त्याने काल उतरवून धुतलं, गच्चीवर घातलंय, अख्खी गच्ची पांढरी. रंगवायला काही नाही. त्याने गन उघडली, सुई आणि नोझल थिनरमध्ये साफ केली, जोडली, कपात पाणी घालून शेडच्या भिंतीवर मारून बघितलं. लांबट, मध्ये भरीव. मग भिंत वाळेपर्यंत तिथेच बसला.

संध्याकाळी कविताचा फोन. या वेळी त्याला.

मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून होतो, तरी ऐकू येत होतं. आबांनी गाडी अंगणात लावली. चिऊने बोट फिरवून सगळ्यांना सांगितलं, गाडीला केस आलेत. फेटा घालून गाडीत बसून असते. उतरायला तयार नाही.

मग तिने विचारलं, "आज सोमवार ना. लाइट होती?"

"होती," नि. म्हणाला.

तिने फोन ठेवला नाही. तोही कानाला लावून बसून होता. मंगलाने आत भाताचं आधण ठेवलं, किती जणांचं घालायचं म्हणून माप हातात घेऊन थांबली.