फालक्यावरचा कॅमेरा

४ डिसें., सोमवार
धाड गावात आज पुन्हा तोच तमाशा. कापूस खरेदीवाल्याच्या आवारात गल्लीतून उलटी गाडी घ्यावी लागते. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला नाली. बाबा उतरले, मागं जाऊन उभे राहिले अन् साऱ्या आवाराला ऐकू जाईल असं, "येऊ दे, येऊ दे, डावी मार. अबे, डावी कोनती तुही?" हमाल हसले. एक म्हणे, बाप नसला तर हा गाडी पुढंच नेईल, थेट जालन्यापर्यंत. खाली उतरून त्याची गचांडी धरणार होतो. समोर झेरॉक्सच्या दुकानात कॉलेजातली शुभांगी उभी होती. तिनं सगळं पाहिलं. (आजपासून नुसतं शु. लिहीन. आईला वाचता येतं.)

दसऱ्याला मी पिकअप मागं घेताना शेजारच्या गजाननकाकांच्या गोठ्याची भिंत पाडली, तेव्हापासूनचा नियम: मागं माणूस नाही तर गाडी नाही. अन् माणूस म्हणजे बाबाच. आमची कापसाची पऱ्हाटी बीटी असूनही अळीनं खाल्ली, नोव्हेंबरातच उपटली. आता बाबांना दुसरं काम नाही. सकाळी माझ्या आधी केबिनमध्ये जाऊन बसलेले असतात.

५ डिसें.
शु.चा मेसेज. रविवारी, १७ला, जालन्याचे पाहुणे तिला पाहायला येणार. मी दहा मेसेज टाकले, दहाही जालन्याला शिव्यांचे. तिचं उत्तर: "मेसेज नको. समोर येऊन बोल. एकदा तरी."
समोर कसा येऊ? बाजूच्या सीटवर बाबा. कॉलेजात असतो तर रोजची भेट होती. ते मीच सोडलं. परीक्षेच्या फॉर्मवरून ऑफिसातल्या बाबूची कॉलर धरली, अन् माफी लिहून देणार नाही म्हणून घरी आलो. बीएस्सीचं शेवटचं वर्ष. ती यंदा पास होईल, मी मात्र...

७ डिसें.
बुलडाण्याला सलीमभाईकडून रिव्हर्स कॅमेरा आणला. काडीपेटीएवढा, सोबत डॅशबोर्डवर ठेवायची छोटी स्क्रीन. बसवून देतो म्हणत होता, एक घंट्याचं काम. मी नाही म्हटलं. फिजिक्स घेऊन शिकलेल्या माणसाला चार वायरी जोडता येऊ नयेत? सलीमभाई म्हणे, "जोड भाऊ. बस, गुस्से में कोई वायर मत काटना." याला माझा राग कसा माहीत?

घरी बाबांना डबा दाखवला.
"मंग आरसे कशाले हायेत?"
मग जेवले. हात धुताना म्हणाले, "बसव. मले गाडी मागं घेऊन दाखव. जमलं तर जाय एकटा."
एकटा! पुढच्या गुरुवारी गजाननकाकांचा कापूस धाडला न्यायचा आहे. शु.ला कळवलं. ती त्या दिवशी कॉलेजला जाणार नाही, बारापर्यंत झेरॉक्सच्या दुकानात थांबेल.

९ डिसें.
दिवसभर गाडीखाली. मागच्या फालक्याच्या, म्हणजे खाली पडणाऱ्या पत्र्याच्या दाराच्या, मधोमध भोक पाडून कॅमेरा बसवला. वायर चेसीला बांधत पुढं आणली, सायलेन्सरपासून लांब. रिव्हर्स लाइटच्या वायरीला जोड दिला की गिअर टाकताच स्क्रीन लागते, असं कागदावर आहे. लागली नाही. फ्यूज उडाला. दुसरा टाकला, तोही उडाला. पाना फेकला तो आईच्या तुळशीला लागला. शेवटी कळलं, टेस्टर न लावताच भलत्या वायरीत घुसलो होतो.

१० डिसें.
चित्र आलं! पण डावं उजवीकडं. कॅमेऱ्याच्या वायरीला एक छोटा फास होता, काल रागात फालतू समजून कापला. कागद नीट वाचला तर चित्र सुलटं-उलटं करायचा तोच फास. सोलून परत पिळला, वर टेप. डावं डावीकडं आलं. सलीमभाईला सांगणार नाही.

१२ डिसें.
बाबांसमोर परीक्षा. त्यांना म्हटलं, तुम्ही ओट्यावर बसा. बसले नाहीत, मागं जाऊन उभे. स्क्रीनवर बोटाएवढे बाबा. "दिसून राह्यलो का?" हाव, म्हटलं. मग त्यांनी टोपी काढून केस बसवले, परत घातली. बोलायचं नाही असं ठरलेलं, तरी हात आपोआप ये-ये करत होता. मी हाताकडं पाहिलं नाही. काकांच्या नव्या भिंतीपासून दोन वीत अलीकडं गाडी थांबवली.
"जमलं," म्हणाले. अन् गोठ्यात गेले. गोठ्यात तसं काही काम नव्हतं.

१४ डिसें., गुरुवार
सकाळी सहापासून भरणं. मोकळा कापूस गाडीत मावत नाही, म्हणून नेहमीसारखा फालका खाली पाडून साखळ्यांवर आडवा केला, त्यावर आणखी गाठोडी, वरून जाळी. कायमच असं भरतो. बाबा आले नाहीत. ओट्यावरून एवढंच, "हळू."

वाटेत तिला काय म्हणायचं ते मोठ्यानं म्हणत गेलो. साडेअकराला धाड. शु. दुकानात, निळा ड्रेस. गल्लीच्या तोंडाशी रिव्हर्स टाकला.
स्क्रीनवर माती. बिडीचं एक थोटूक, कापसाचे पुंजके, बस. फालका आडवा झाला म्हणजे कॅमेरा जमिनीकडं पाहणार, हे भोक पाडताना, वायर ओढताना, सकाळी स्वतःच्या हातानं फालका पाडताना, एकदाही डोक्यात आलं नाही. दोन्ही आरशांत फुगलेला कापूस. माझ्यामुळं रस्त्यावर दोन ट्रॅक्टर अडले. हमाल म्हणे, आज बाप कुठं गेला रे? मी शिवी दिली, तर मदतीला उठलेला एक होता तोही खाली बसला. पुढं जाता येईना, मागं येईना. पावणेबारा झाले. स्टेअरिंग धरून बसलो.

मग मागून पत्र्यावर थाप. "येऊ दे."
शु. होती. भर आवारात, वीस-पंचवीस माणसांपुढं, ओढणी कमरेला बांधून. "उजवी. थोडीच. आता सरळ येऊ दे. बस." कोणी हसलं नाही. गाडी बरोबर लागली. ती चालत खिडकीपाशी आली. दम लागलेला.
"आता बोल. सगळ्याइसमोर बोल."
मी म्हणालो, "काटा होऊ दे."
एवढंच. वाटभर काय काय घोकलं होतं, अन् तोंडातून निघालं ते कापसाच्या वजनाचं.
 तिनं कमरेची ओढणी सोडली अन् ती गेली.
तिचा चुलतभाऊ तिथं वजनं लिहितो, त्याच्यामुळं बोललो नाही, असं लिहिलं तर बरं दिसेल. पण तो डबा खायला गेला होता. नंतर आला.

१५ डिसें.
शु.चा फोन बंद. डॅशबोर्डवर बुक्की मारली, स्क्रीनला तडा गेला. तरी चालू आहे.

१६ डिसें.
तिच्या चुलतभावाचा बाबांना फोन. पाहुणे ठरल्याप्रमाणं उद्या अकराला येणार. पोरगी परवापासून तोंड उघडत नाही. तुमच्या पोराला धाडमध्ये पाहिलं तर पाय मोडू. बाबा नुसतं हं हं करत होते. फोन ठेवला. मला वाटलं आता शिव्या येतील, भांडायला तयारच होतो.
"पोरीनं भर आवारात गाडी लावून देल्ली म्हणते?"
"हाव."
"अन् तू?"
"मी गाडीत होतो."
"ते त्यानं सांगतलं. मी इचारून राह्यलो, तू काय केलं?"
आवाजही चढवला नाही. चढवला असता तर उत्तर देता आलं असतं.

१७ डिसें., रविवार
सहाला शु.ला एकच मेसेज टाकला, "येतो." एकच टिक. आता नऊ वाजलेत, अजून एकच. धाडला पाऊण तास लागतो.
बाबा शेतात पऱ्हाट्या रचायला गेले. जाताना माझ्याकडं पाहिलं नाही, पण गाडीही अडवली नाही. आंघोळ केली, पांढरा शर्ट घातला. मग काढला, कालचाच घातला. पांढरा घालून गेलं तर मार खाताना वाईट दिसेल, हाही विचार आला. लाज वाटली, परत पांढरा.
आई चुलीपुढून म्हणे, "कुठं रे?"
"धाडले."
"भाडं हाये का?"
"नाही."
 तिनं पीठ पुढं ओढलं. "जेवून जाय."
भाकर तव्यावर आहे, तोवर हे लिहितो. या खेपेला वाटेत काही घोकायचं नाही.