खोट्या मुलखातली सावड

धामणगाव बढे
ता. ३ नोव्हेंबर २००८

चि. दीपक यास मोठ्या आईचे अ. उ. आ.

पत्रास कारण की, फोन केला की तू म्हणतो आवाज कटून राह्यला, अन् ठेवून देतो. पत्राचा आवाज कटत नाही, म्हणून हे लिहून राह्यली.

दिवाळीले तू आला नाही. कंपनीत लई काम आहे म्हणून मी सगळ्या गल्लीले सांगतलं. अन् परवा शंकरराव गुरुजी पुण्याहून पोरीकडून आले. ते तुह्या खोलीवर डोकावले होते. मंगळवारची भर दुपार, अन् तू बनियनवर कॉम्प्युटरसमोर बसून डुकरं मारून राह्यला होता म्हणे! गुरुजींनी इचारलं हे काय, त तू मान न वळवता म्हणाला की अजून थोडी डुकरं मारली की कातड्याचा पट्टा भेटते.

अरे, डुकरंच मारायची होती त घरी काऊन नाही आला बे? आपल्या मक्यात कळपच्या कळप घुसून राह्यले. इथल्या डुकराले दगड मारला तरी जंगलखात्याचा माणूस दारात उभा राह्यते, अन् माहा इंजिनिअर पुण्यात खोटी डुकरं मारते, खोट्या पट्ट्यासाठी! रिकामा न्हावी भिंतीले तुंबड्या लावी म्हणतात, पण त्या न्हाव्याच्या हातात निदान खरी तुंबडी त असते.

इथलं सांगते. तुहे मोठे बाबा बैलगाडीवरून उतरता उतरता पडले. पाय मोडला. आता प्लास्टर घालून ओसरीत खाटेवर पडले आहेत अन् तिथूनच मले शेती शिकवून राह्यले. उंटावरून शेळ्या हाकणं मी आजवर ऐकलंच होतं, आता रोज पाहते. पऱ्हाटीवर लाल्या पडला आहे. बीटीची पुडी देताना दुकानदार म्हणे, मावशी, अळी पाहायलेही भेटणार नाही. नाही भेटली, खोटं काऊन बोलू? पण पानं लाल झाली अन् बोंडं चिमणीच्या अंड्याएवढी राह्यली. तरी जेवढा कापूस फुटला तेवढा घरात आला पाहिजे. आठ-दहा दिवसांसाठी ये. मी एकटी कुठं कुठं पुरू?

बाकी ठीक. माया आहेच, पण सध्या ती रागाच्या खाली दाबून ठेवली आहे.

तुही मोठी आई
कोकिळा


पुणे
दि. ११ नोव्हेंबर २००८

ती. मोठ्या आईस दीपकचा शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. मोठ्या बाबांच्या पायाचे वाचून वाईट वाटले. त्यांना खाटेवरून उठू देऊ नकोस. सध्या आमच्या कंपनीत अत्यंत महत्त्वाचे काम सुरू असून मला रात्रपाळी असते, त्यामुळे दुपारी मी खोलीवर असतो. गुरुजींचा गैरसमज झाला.

तो खेळ म्हणजे पोरखेळ नव्हे. त्याला मॅसिव्हली मल्टिप्लेयर ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम म्हणतात. जगभरातले हजारो लोक एकाच वेळी एकाच मुलखात वावरतात. तिथे जंगले आहेत, बाजार आहेत, राक्षस आहेत. कोणी लढवय्या होतो, कोणी वैद्य. आपण खेळत नसलो तरी तो मुलूख चालूच असतो. एकट्याने मोठा राक्षस मारता येत नाही, म्हणून लोक मिळून गिल्ड करतात. तुला समजेल असे सांगायचे तर गिल्ड म्हणजे सावड. आज मी तुझ्या लढाईत, उद्या तू माझ्या. आमच्या गिल्डमध्ये मी सर्वांच्या पुढे उभा राहून मार खातो. मी नसलो तर बाकीचे टिकत नाहीत. माझ्यावर तिथे माणसे अवलंबून आहेत.

त्यामुळे, आणि कंपनीच्या कामामुळे, सध्या येणे जमणार नाही. कृपया समजून घे. राग वर आणि माया खाली असली, तरी दोन्ही पाठवत राहा.

तुझा
दीपक


धामणगाव बढे
ता. १८ नोव्हेंबर २००८

चि. दीपक यास अ. उ. आ.

तुहं पत्र मोठ्या बाबांले वाचून दाखवलं. ‘कृपया समजून घे’ ऐकून त्याइनं इचारलं की हे पत्र तहसीलमधून आलं का. एवढी पुणेरी मले नको लिहू. तुहा शेंबूड मी पदरानं पुसला आहे.

त्या खेळाच्या नावाएवढं लांब नाव त आमच्या बियाण्याच्या पुडीचंही नसते, अन् पुडीतून निदान काहीतरी उगवते. गुरुजींचा नातू सांगत होता की तुमचा तो राक्षस मेला तरी पुढच्या हप्त्यात तिथंच परत उभा राह्यते, अन् तुम्ही परत जमून त्याले मारता. अन् आपण मेलो की आपल्याच मढ्यापर्यंत चालत जाऊन परत उठायचं. हे ऐकून मोठे बाबा इतके हासले की पाय दुखला. शिकल्या-सवरल्या लोकाइनं असं करावं! घरात नाही दाणा अन् हवालदार म्हणा!

अन् सावडीचं नाव तू घेतलं ते मले बिलकूल आवडलं नाही. सावड काय असते ते तुले माहीत आहे का? जनकाबाईच्या वावरात मी तापात निंदाले गेली होती, कारण तिनं माह्या वावरात एक दिवस दिला होता. सावड फेडल्याशिवाय माणूस मेला त त्याचं पोट्टं फेडते. तुह्या गिल्डात कोणाच्या पाठीले ऊन लागते?

खरी सावड आता इथंही राह्यली नाही, हेही लिहून टाकते. सगळ्याइनं एकच बियाणं एकाच दिवशी लावलं, अन् कापूस एकाच दिवशी फुटला. जो तो आपल्या वावरात. मजुरीनंही बाया भेटून नाही राह्यल्या. आभाळ भरून आलं आहे. पाऊस आला त फुटलेला कापूस पिवळा पडून कवडी होईन, मग त्याले कुत्रं इचारणार नाही. तू त्या हजारो लोकाइच्या पुढं उभा राह्यते, एकदा माह्यापुढं उभा राहून दाखव.

तुही
मोठी आई


पुणे
दि. २४ नोव्हेंबर २००८

ती. मोठ्या आईस शि. सा. न. वि. वि.

मला खरोखर येता येत नाही. का, ते विचारू नकोस. माझ्याऐवजी अल्तमश येतो आहे. तो जळगाव जामोदचा, तिथे त्याचे इंटरनेटचे दुकान आहे. आमच्या गिल्डमधला आहे. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेले नाही, पण तो भरवशाचा माणूस आहे. त्याला ओरडू नकोस.

दीपक


धामणगाव बढे
ता. ६ डिसेंबर २००८

चि. दीपक यास अ. उ. आ.

तुहा अल्तमश आला. संगं त्याची बहीण आयशा अन् तीन पोट्टे, सगळे त्या खोट्या मुलखातले शूरवीर. मी दारात उभी राहून पाह्यलं. एकाच्याही दंडावर मूठभर मांस नाही. हे राक्षस मारतात! मले वाटलं याइलेच आधी चार दिवस खाऊ घालून वावरात न्यावं लागते.

वावरात गेल्यावर त सांगू नको. कापसासाठी कमरेले ओटी बांधता येत नाही, वेचता येत नाही. बोंडाची टोकं टोचली की असे ओरडत की शेजारच्या वावरातल्या बाया पाहायले आल्या. कापूस कमी अन् वाळलेली पत्तीच जास्त वेचून राह्यले होते. मी दिवसभर शिव्या घातल्या, तू नको म्हणाला होता तरी. आयशाचा हात मात्र चालते. पोट्टी मुकाट्यानं दोन दोन ओळी घेऊन पुढं निघून जाये. पण तीन दिवस पाच जण वाकून राह्यले अन् आभाळ फुटायच्या आत कापूस घरात आला. चौथ्या दिवशी पाणी पडलं.

मी अल्तमशले इचारलं, तू माह्या पोराले कधी पाह्यलं नाही, मग काऊन आला? त तो म्हणाला की दीपकभाई माह्यासाठी कितीक वेळा मेले आहेत. खाटेवरून मोठे बाबा ओरडले, कोण मेलं म्हणून. मग त्यानं समजावून सांगतलं की तो नवा होता तव्हा बाकी सगळे त्याले हासत, अन् तू त्याच्यापुढं उभा राहून मार खाये. म्हणून ही सावड. त्या पोट्ट्यानं स्वतःच सावड म्हटलं, तुह्याकडूनच शिकला असन.

आता माही पंचाईत झाली. मजुरी देऊ केली, त्यानं हात जोडले. ज्वारीचं पोतं देऊ केलं, घेतलं नाही. म्हणाला, मोठी अम्मी, फेडायचंच असन त एक दुपार आमच्या मुलखात येऊन आमच्यासाठी लाकडं तोडा. मी म्हटलं, माह्या सासऱ्यानं कोणाची सावड ठेवली नाही, मीही ठेवणार नाही. मोठे बाबा म्हणतात आता म्हातारपणी तू तलवार घे.

तू काऊन नाही आला, ते मी इचारलं नाही असं समजू नको. रोज इचारते, चुलीले.

मोठी आई


धामणगाव बढे
ता. २२ डिसेंबर २००८

चि. दीपक यास अ. उ. आ.

मी बुधवारी जळगाव जामोदले गेली होती. मलकापूर, नांदुरा, अशा गाड्या बदलत. अल्तमशच्या दुकानात बसली. सगळं टाइप आयशानं केलं, मी फक्त बोलली. आधी नाव मागतलं. मी पऱ्हाटी सांगतलं. मग माह्यासमोर एक ठेंगणी बाई उभी राह्यली, हातात कुऱ्हाड. तीच मी म्हणे.

काय तो मुलूख! हिरवंगार गवत अन् एक तण नाही. कोण निंदते तिथं? लाकडं तोडाले गेली त डुकरानं मारलं. परत उठली, परत मारलं. माणसाच्या जिवाची एवढी स्वस्ताई मी कुठं पाह्यली नाही. एवढ्यात एक लोखंडाचे कपडे घातलेला उंच माणूस आला. त्याचं नाव धुरकरी, म्हणजे बैलं हाकणारा. आयशानं माह्या कानात सांगतलं की हा तुमचा दीपक. मी तिले म्हटलं, आपण कोण ते सांगू नको.

त्यानं माह्यापुढं उभं राहून डुकराचा मार खाल्ला. मी लाकडं तोडली. त्यानं मले जोडेही दिले. मग त्यानं इचारलं की कोणत्या गावची. मी आयशाले लिहायले लावलं, तुले काय करायचं बे? त तो हासला. लिहिलं की आमच्या घरीही असंच बोलतात. मी इचारलं, मग कामाधामाच्या दिवशी भर दुपारी तू इथं काऊन? तुले नोकरी नाही का?

मग अक्षरं येऊ लागली अन् आयशा वाचू लागली. नोकरी दसऱ्याच्या आधीच गेली. कंपनीनं माणसं कमी केली. घरी रात्रपाळी सांगतली आहे. जिनं मले वाढवलं तिनं माह्या नोकरीचे पेढे अख्ख्या गावाले वाटले, तिले आता काय तोंड दाखवू? इथं निदान लोक माही वाट पाहतात. आयशा वाचता वाचता थांबली. मी म्हटलं, वाच. पण पुढं काही नव्हतं.

मले रडू आलं. दुकानातल्या सगळ्या पोट्ट्याइसमोर रडली, अन् तशीच उठून मोटारस्टँडवर आली.

त्या खेळाबद्दल माहं मत बदललं असं समजू नको. रिकामटेकड्याइचा कारखाना आहे तो. अन् तू त्याहून बेअक्कल. पेढे मी वाटले, गावानं खाल्ले, त्याइले ते कव्हाचेच पचले. तुह्याच पोटात काऊन दुखते? पऱ्हाटी लाल पडली म्हणून कोणी वावर टाकून पळून जाते का? मोठ्या बाबांले सांगतलं. त्याइनं तुही खाट माळ्यावरून काढाले लावली.

जळगावची सावड मी फेडली. तुले वाढवलं ते सावड म्हणून नाही वाढवलं. पण सावडीशिवाय तुले दुसरं काही समजतच नसन, त तीच समज. मी पुढं उभी राहून लई मार खाल्ला आहे, लेका. आता तू ये.

वाट पाहणारे इथंही आहेत, एवढंच.

तुही मोठी आई


पुणे
ता. २७ डिसेंबर २००८

ती. मोठी आई अन् मोठे बाबा यांले दीपकचा शि. सा. न.

मोठी आई, मी तुले ओळखलं होतं. अल्तमशनं नाही सांगतलं. ‘तुले काय करायचं बे’ म्हणणारी त्या मुलखात दुसरी कोणीच नाही. ओळखलं म्हणूनच सांगतलं. तुह्या तोंडावर मले बोलता आलं नसतं.

तू खुर्चीवरून उठून गेली, पण पऱ्हाटी तिथंच उभी राह्यली. ती बंद करायची असते, तुले कोणी सांगतलंच नाही. चारी बाजूनं डुकरं येत होती. अल्तमशनं दुकान बंद करेपर्यंत मी तिच्याजवळ उभा होतो, एकही येऊ दिलं नाही.

गुरुवारच्या गाडीनं येऊन राह्यलो. शेवटची वेचणी माह्यासाठी ठेवजो.

तुहाच
दीपक