कोरा फळा पुसणाऱ्या बाईंना

बाई, तुम्ही कोरा फळा का पुसायच्या, ते मला आत्ता या वयात कळलं. चांदूर रेल्वेच्या त्या वर्गात रेल्वे क्वार्टरमधली हिंदी बोलणारी मुलं होती, फुलं विकणाऱ्यांच्या मुली होत्या आणि बौद्ध वस्तीतली आम्ही, घरी 'मले-तुले' बोलणारी, पुस्तकातल्या मराठीला बिचकणारी. तुम्ही प्रश्न विचारायच्या आणि लगेच पाठ करून डस्टर हातात घ्यायच्या. फळ्यावर खडूचा ठिपका नसायचा, तरी पुसणं सावकाश चालूच. "बाईले सफाईची लईच हौस हाये," म्हणून आम्ही हसायचो. "सांग, घाई नाही. घरी बोलतेस तसंच सांग," तुम्ही फळ्याकडे बघत म्हणायच्या. कुणी नुसतं बघितलं तरी मुकी होणारी मी तुमच्या पाठीशी मात्र घडाघडा बोलायचे.

मध्यंतरी अमरावतीला मेंदू आणि शिकणं या विषयावर आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. आणखी एक नवं खूळ, असं म्हणत मी कपाळाला आठ्या घालूनच गेले. तिथल्या मॅडम सांगत होत्या, घाबरलेला मेंदू आधी जीव सांभाळतो, तेव्हा येत असलेलंही आठवत नाही. घरची भाषा वेगळी असेल तर उत्तर सापडल्यावरही ते शाळेच्या भाषेत मांडायला वेळ लागतो, आणि त्या वेळेलाच आपण मठ्ठपणा म्हणतो. मला तुमचा कोरा फळा आठवला. तुम्हाला हे कुणी सांगितलं होतं, बाई? की आमची तोंडं बघून तुमचं तुम्हीच शोधलंत? केवढी मोठी गोष्ट तुम्ही रोज, गाजावाजा न करता करत होतात!

मी सध्या अकोटला शिकवते. वर्गात मेळघाटातली एक कोरकू मुलगी आहे, आईबाप कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. शाळेत आल्यापासून तिनं तोंड उघडलं नव्हतं. हेडमास्तर म्हणाले, "मॅडम, हिच्या डोक्यात काई शिरूनच नाई राहिलं. खालच्या वर्गात बसवा हिले." खाली बसवलं तर शाळेतून काढून धाकट्याला सांभाळायला घरी ठेवतो, असं बापानं आधीच बजावलेलं. मी एक संधी मागून घेतली. हेडमास्तर मागच्या बाकावर येऊन बसले. त्या दिवशी बाष्पीभवनाचा धडा होता. मी तिला विचारलं, "ओला कापूस वाळला की हलका काहून होते?" आणि पाठ फिरवून कोरा फळा पुसायला लागले. हेडमास्तर खाकरतात, बाक करकरतो, माझा हात चालूच. मग बारीक आवाज येतो, "पानी निंगून जाते. ऊन घेऊन जाते त्याले. कापूस तेवढाच रायते." हेडमास्तर उठले, "राहू द्या इथंच," एवढंच म्हणाले आणि गेले. मला कितीतरी वेळ मागे वळवेना, डोळे भरून आले होते.

हा कागद कुठे धाडायचा नाही, म्हणून एक सांगून टाकते. ती मुलगी हल्ली मला तिच्या कोरकू भाषेतले शब्द शिकवते. काल भर वर्गात तिनं विचारलं, "मॅडम, पान्याले आमच्यात काय म्हनतेत?" सगळी पोरं माझ्याकडे टक लावून बघायला लागली. मी घाबरले, काही केल्या आठवेना. बाई, मला तो शब्द येत होता.