बाराव्या विहिरीचा दोर

११ मार्च १९६३, सोमवार
पहिली मोजणी झाली. बारा विहिरी, साडेसहा ते साडेदहा. ऊन डोक्यात गेलं, पण आकडे सुरेख आले. दोराला फुटाफुटावर गाठ, टोकाला शिशाचा गोळा, एवढंच माझं यंत्र. कठड्यापासून पाण्यापर्यंत किती गाठी गेल्या ते मोजायचं नि वहीत टाकायचं. नागपूरहून निघताना सर म्हणाले होते, "सात सोमवार. एकही चुकला तर तक्ता लंगडा. लंगड्या तक्त्यावर मी सही करणार नाही."
सासूबाईंना हे खूळ वाटतं. "काऊन वं, पानी का पळून जाते, तू मोजून राह्यली तं?" म्हटलं, आत्याबाई, पळतंच. किती पळतं तेच पाहायचंय. हसल्या. मग जे मनात होतं ते काल सांजेला बोलल्या. बारावी विहीर बुद्धवाड्यातली. तिथं बुडवलेला दोर घरच्या विहिरीत बुडवायचा नाही.
म. म्हणाला, "दोन दोर कर ना. आईशी वाद कशाला?"
केला दुसरा. पन्नास गाठी मीच मारल्या. गोठ्याशेजारच्या खोलीत वेगळ्या खुंटीवर टांगला. मारताना राग आला नाही, आत्ता लिहिताना येतोय.
वि. १२ : ३८ फूट.

१६ मार्च
जळगाव जामोद. म.च्या कामाला. त्याचा प्रबंध आठवडी बाजारांवर, माझा विहिरींवर. दोघांचंही एम.ए.चं शेवटचं वर्ष, दोघांनाही मे अखेर कागद द्यायचेत. हे घरी कोणाला पटत नाही. म. लिहीत बसला की "अभ्यास करून राह्यला, गलका करू नका." मी लिहीत बसले की "सूनबाई, रिकामी हायस तं तेवढे गहू निवड."
बाजारात मिरचीवाल्या बाया म.शी बोलेनात. त्याची वही पाहिली की पदर पुढं. एक म्हणाली, "सायेब, आमी काई केलं नाई जी." मग मी जाऊन पोत्यावर टेकले. कुठून आल्या, किती कोस, बैलगाडीनं की एस.टी.नं, सगळं सांगितलं, वर मूठभर चिंचाही दिल्या. तीन तासांत बावीस बाया. वही माझ्या अक्षरानं भरली, प्रबंधावर नाव त्याचं. चालायचंच. रस पाजला त्यानं, दोन ग्लास.
गावाची वेस आली तसा दहा पावलं पुढं गेला. नागपूरला सीताबर्डीवर खांद्याला खांदा लावून चालतो हा माणूस. तिथं मी त्याला मधुकर म्हणते, तू म्हणते. इथं 'अहो', नि पाठ बघत चालायचं. त्याच्या सदऱ्याला पाठीवर एक शिवण उसवली आहे, मला पाठ झाली आहे.

१८ मार्च, सोमवार
दुसरी मोजणी. वि. १२ : ३८॥.
तिथं गयाबाई भेटते. माझ्या आईच्या वयाची. घागर भरून ठेवते नि माझ्यासाठी कठड्यावरचं पाणी पदरानं पुसते, मी वाकले की साडी भिजू नये म्हणून. गाठी माझ्याबरोबर मोठ्यानं मोजते. आज एक गाठ मी चुकले, तिनं बरोबर सांगितली.
म. वेशीपाशी लिंबाखाली उभा होता. "मी इथं थांबतो, तू ये जाऊन." ऊन असेल म्हणून.

२४ मार्च
आजचा दिवस ठेवून द्यावा असा. सोनाळ्यापर्यंत एस.टी., पुढं पायी, सातपुड्याच्या कुशीत. पळस सरत आलाय. मोहाखाली फुलांचा सडा, वास घेऊनच गुंगी येते. म.नं पाच-सहा खाल्ली, मला दोन चारली. दशम्या, लसणाची चटणी, कांदा हातानं फोडलेला. ओढ्याच्या रेतीत त्यानं काडीनं नकाशा काढला, नोकरी लागली की नागपूरला घर कुठं घ्यायचं त्याचा. "तुझं टेबल खिडकीशी," म्हणाला. "माझं भिंतीशी चालते." मी भोळी, रडू आलं मला.
जोडीनं चाललो चार कोस. परतताना वेस आली. मुद्दाम थांबले, पाहू वळतो का. वळला नाही. इकडं मारुतीपाशी चार म्हातारे बसलेले, तिकडं त्याची चाल कशी झपाझप.
घरी आल्यावर म्हटलं तर, "आता तेवढ्यासाठी भांडतेस?" तेवढ्यासाठीच भांडते.

२५ मार्च, सोमवार
तिसरी. वि. १२ : ३९. आठवड्याला बरोबर अर्धा फूट. सर खूश होतील.
उद्या पाडवा. गाठी आणायच्या, कडुलिंब आणायचा, पुरण वाटायचं. ते कोणाला सांगायला नको, माझंच.

१ एप्रिल, सोमवार
घात झाला. पहाटेच कळलं. दोन दिवस आहेत अजून असा हिशेब होता.
गोठ्याशेजारच्या खोलीत बसले आहे. तांब्या वेगळा, ताट वेगळं, कांबळं वेगळं. विहिरीच्या तर वाऱ्यालाही जायचं नाही. सासूबाईंच्या पाया पडले असते, पण तेही लांबूनच. "आत्याबाई, चौथा सोमवार आहे. नुसता दोर सोडायचा, पाण्याला हात लागत नाही." तर म्हणतात, "बाई, विहिरीले समजते." एम.ए.च्या बाईनं यावर काय बोलावं? आईच्या घरीही हे होतं, पण तिथं निदान वर्गात जाता येत होतं.
म. दारातून म्हणाला, "मी मोजतो ना. दे वही." वही जमिनीवर ठेवली, त्यानं उचलली. पटपट समजावून सांगितलं, गोळा पाण्याला टेकला की डुबुक आवाज येतो, तिथं थांबायचं.
साडेअकराला आला, घामानं निथळत. बाराही आकडे. वि. १२ : ३९॥.
तेवढ्यात लक्षात आलं. दुसरा दोर माझ्या डोक्यावरच्या खुंटीवर होता, सकाळपासून हलला नव्हता. विचारलं. म. हळूच म्हणाला, "एकाच दोरानं केलं सगळं. कोणाले सांगू नको."
एकाच दोरानं! पाटलाच्या पोरानं! मला उठून त्याला मिठी मारावीशी वाटली, शिवता येत नव्हतं म्हणून राहिली. हसत बसले एकटीच. वेशीतली दहा पावलं माफ.

४ एप्रिल
न्हाले. घरात घेतलं मला. चार दिवसांत म.च्या बाजाराचे तीन नकाशे खोलीत बसून काढून दिले. कागदाला विटाळ लागत नाही वाटतं.

८ एप्रिल, सोमवार
मीही एकच दोर नेला. मुद्दाम. म. करू शकतो तर मी का नाही.
वि. १२ ला गोळा सोडला तर ३७ ला टेकला. पुन्हा सोडला. ३७. उन्हाळ्यात पाणी अडीच फूट वर कसं येईल? तिसऱ्यांदा सोडला. गयाबाईनं आधी दोर पाहिला, मग मला. "आज आमचा दोर नाई आनला जी?"
मी कधी सांगितलं नव्हतं तिला. तिनं ओळखलेलं होतं पहिल्यापासून. भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. काहीतरी पुटपुटले नि विचारलं, पाणी वाढलं कसं?
"वाढनच ना माय. गेल्या सोमवारी गाळ काढला आमी. समदा वाडा अठीच होता, फाटेपासून दिवस बुडेपर्यंत. पार तळ लागला होता, मानूस उभा होता खाली. आता झरे मोकळे झाले."
गेल्या सोमवारी? आमचे हे आले असतील ना मोजायला?
"कोन, पाटलाचं पोरगं?" तिनं आठवून पाहिलं, उगाच आठवल्यासारखं, मला वाईट वाटू नये म्हणून. "नाई जी. कोनी नाई आलं."
विहीर कोरडी होती त्या दिवशी. आणि माझ्या वहीत ३९॥ फुटांवर पाणी आहे.

८ एप्रिल, दुपारी
तळपायाची आग मस्तकात गेली होती, म्हणून आधी पाणी प्यायले, मग विचारलं. अकरा विहिरी खऱ्या, म्हणतो. बारावीचा "अंदाज" केला. "दर आठवड्याला अर्धा फूट जातेच ना. तुझाच हिशेब." माझा हिशेब मलाच दाखवतो. उंटावरून शेळ्या हाकायच्या नि वर शहाणपण.
काऊन नाही गेलास?
"ऊन फार होतं."
अकरा विहिरींना ऊन नव्हतं?
मला खोटा आकडा बोचतोच, पण तो खोडता येतो. त्या दोराचं खोटं बोलला तो, ते कसं खोडू? मी त्या घाणेरड्या कांबळ्यावर बसून त्याच्यासाठी हसले होते.

९ एप्रिल
बोलत नाही त्याच्याशी. त्यानं काल रेवड्या आणल्या, तशाच पुडीत आहेत.
आकडा खोडला. चौकट रिकामी. गयाबाईकडे गेले होते सांगायला की तुमच्या विहिरीचा एक आकडा गेला. ती म्हणाली, "गेला कायले? लिव्हा ना कोरडी होती म्हनून. तीस मानसं सांगतीन." खरंच की. 'कोरडी, गाळ उपसा, गयाबाई व इतर यांच्या सांगण्यावरून' असं लिहिलं. पण तक्त्यात शेवटचा रकाना असतो, 'प्रत्यक्ष मोजणी न झाल्याचे कारण'. सर आधी तोच वाचतात.
मी का गेले नाही ते मी लिहू शकते. शाईनं लिहिलंही: 'पाळीमुळे विहिरीवर जाण्यास घरून बंदी.' सर पुरुष आहेत, वाचतील, लाजतील, लाजू देत. पण त्या दिवशी मोजणारा म. होता. तो का गेला नाही ते मी कसं लिहू?

१५ एप्रिल, सोमवार
सकाळी घरच्या विहिरीत दोर सोडला. सासूबाई घागर घेऊन उभ्या. "कोनता दोर हाय हा?"
खोटं बोलणं सोपं होतं. घरात त्याचं चलन आहेच. म्हटलं, एकच आहे आत्याबाई. सगळीकडं हाच.
घागर ठेवली त्यांनी तिथंच. ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं. माझे सासरे, मामाजी, ओसरीवरून म्हणाले, "झाली तेवढी मोजनी पुरे. आमच्या घरी हे नाई चालत." मला नाही, म.ला म्हणाले. मी तिथंच उभी होते, भिंतीसारखी.
म. त्याच्या बाजाराच्या वहीत रेघा मारत राहिला.
तरी मी बाराही करून आले. वि. १२ : सव्वासदतीस. दारात मामाजी होते. बाजूला झाले, अंगाला अंग लागू नये इतके. आज तर माझी पाळी नव्हती.
ते बाजूला झाले तेव्हा समजलं. मला चार दिवसांचं आहे. गयाबाईला बारा महिन्यांचं. आणि त्या पन्नास गाठी मी स्वतःच्या हातानं मारल्यात, कोणी चाबूक घेऊन उभं नव्हतं.

१८ एप्रिल
सासूबाई जेवायला वाढतात, बोलत नाहीत. विहिरीत गोमूत्र टाकलं. पाणी तेच पितो आम्ही सगळे, गोमूत्रासकट.
म. संध्याकाळी म्हणाला, "चल, मळ्याकडं फिरून येऊ." गेले. वेशीतून निघताना तो माझ्या बरोबरीनं चालला. मारुतीपाशी म्हातारे होते. त्यानं मान खाली घातली होती, पण पुढं गेला नाही. एवढ्यावर शाबासकी देणार नाही मी.
मळ्यात म्हणाला, "तुला चालते. तू परत जाशील, कोणी काही म्हणणार नाही. मी इथला आहे."
म्हटलं, गयाबाई पण इथलीच आहे.

२१ एप्रिल, रविवार
उद्या सातवा, शेवटचा सोमवार. मामाजींनी सकाळी गोठ्याच्या खोलीला कुलूप लावलं. दोन्ही दोर आत. किल्ली त्यांच्या कमरेच्या करदोट्याला.
दुपारी वही म.पुढं उघडून ठेवली. १ एप्रिल, वि. १२, कारणाचा रकाना. म्हटलं, हा तू भर. मी भरणार नाही, रिकामाही ठेवणार नाही.
"सर वाचतील."
वाचू दे.
"नागपूरले समदे वाचतीन." चिडला की घरची बोली येते त्याला.
माझी पाळी वाचणार आहेत की. तुला काय सोनं लागलंय?
त्यानं वही जवळ ओढली. मग पेन्सिलीनं लिहिलं, बारीक अक्षरात: 'मी गेलो नाही.'
मी वाचलं. ते मला ठाऊक आहे मधुकर, म्हटलं. ओसरीवर मामाजी होते, आत चुलीशी सासूबाई होत्या, तरी मधुकर म्हटलं, अहो नाही. गेला नाहीस हे कारण नव्हे. काऊन गेला नाहीस, ते लिही.
सासूबाईंचं पोळ्या लाटणं थांबलं.
उद्या दोर मिळणार नसेल तर आजच गयाबाईचं बादलीचं चऱ्हाट मागेन, गाठी रात्रीतून होतात, मला सवय आहे. ती देईल. तिच्याच दोरानं घरच्या विहिरीपासून सुरुवात करेन. कुलूप दोराला लागतं, मला नाही.
म. अजून तिथंच बसला आहे. 'कारण' खाली दोन बोटं जागा आहे. पेन्सिल त्यानं खाली ठेवलेली नाही. मी हे लिहितेय तोवर तरी नाही.