तेवीस नंबरचं पोर्ट

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

बॅकअप लाइन चालली नाही.

परीक्षेआधी दोन्ही लाइन तपासायच्या, हा नियम. आमच्या धुळ्याच्या केंद्रातला मुख्य स्विच चोवीस पोर्टचा. चोवीस नंबरमध्ये रोजची इंटरनेट लाइन. तेवीसमध्ये दुसऱ्या कंपनीची — पहिली तुटली तर पेपर थांबू नये म्हणून. मी चोवीसची वायर काढली. तेवीसचा हिरवा दिवा लुकलुकत राहिला आणि दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस कॉम्प्युटर अडकले.

अभिमन सरांना सांगितलं. केंद्र त्यांचंच. “दिवा लागतो ना? मग झालं. तपासणीच्या कागदावर सही करून टाक.”

उद्या करते म्हटलं.

५ नोव्हेंबर

तेवीसच्या वायरचा माग काढला. ती दुसऱ्या कंपनीच्या डब्याकडे जातच नाही. छतातून वर जाते, दुसऱ्या मजल्यावरच्या कुलूपबंद खोलीत.

जिन्यात उखर्डूनाना बसले होते, आमचे शिपाई. “माय, त्या खोलीनी चावी सायेबपाशीच ऱ्हास. तू कशाले वर दखत फिरस? मान मोडी जाई.” हसले. मग हसणं थांबवून खाली कुणी आहे का ते बघितलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

असोद्याला घरी, आई-आबांकडे फोन. पियुष याच परीक्षेला बसतोय. धाकटा भाऊ माझा, दोनदा थोडक्यात हुकलाय. सेंटर जळगाव मिळालं म्हणाला. बरं झालं — धुळं मिळालं असतं तर सख्खा भाऊ माझ्याच केंद्रावर आहे, हे मला मंडळाला लेखी कळवावं लागलं असतं. अभ्यास कुठवर आला विचारलं, तर म्हणे, “तू ग्रॅज्युएट काय झाली, आता घरातल्या सगळ्यांची परीक्षा घेशील का?” मागे आई हसत होती.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी सराव परीक्षा झाली. सगळे गेल्यावर मी हॉलमध्ये कॉम्प्युटर बंद करत होते. पाचव्या रांगेतल्या एका स्क्रीनवर माउसचा बाण हलला. खुर्ची रिकामी. बाण सावकाश ‘क’ पर्यायावर गेला. टिक. पुढचा प्रश्न. टिक.

डोक्यावर, वरच्या मजल्यावर, खुर्ची सरकली.

मी स्विचपाशी पळाले. तेवीसची वायर काढली. परत येऊन बघितलं — बाण थांबलेला. वायर पुन्हा लावून टाकली. कुणाला कळायला नको.

म्हणजे बॅकअप नाहीच. वर बसून कुणीतरी खालच्यांचे पेपर सोडवणार. रविवारी, खऱ्या परीक्षेत.

१३ नोव्हेंबर

अभिमन सरांनी माझ्यासाठी चहा मागवला. सात महिन्यांत पहिल्यांदा. “घरातली पहिली पदवीधर ना तू? मग घराचं बघ. सही तेवढी कर.”

चहा प्यायले. सही केली नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

परीक्षा मंडळाला फोन केला. बसस्टँडवर जाऊन केला, केंद्राच्या आसपास नको वाटलं. पलीकडच्या बाईंनी सगळं दोनदा सांगायला लावलं. “त्या वायरला हात लावू नका. तोच पुरावा आहे. रविवारी पेपर सुरू व्हायच्या आधी पथक येईल. आणि सापडतील त्या उमेदवारांना आयुष्यभर परीक्षेला बसता येणार नाही.” मी माझं पूर्ण नाव सांगितलं.

भीती वाटते. पण वर्षवर्ष खोलीत कोंडून घेऊन अभ्यास करणारी पोरं डोळ्यांपुढे येतात. त्यांच्या जागा अशा कुणी न्यायच्या? मी गप्प बसले तर शिकले कशाला?

१५ नोव्हेंबर

सरांनी आज दोनदा सही मागितली. एक दिवस काढायचा, बस.

१६ नोव्हेंबर, रविवार

फाटकाच्या रांगेत पियुष. हॉलतिकीट धुळ्याचं. “तायडे, मुद्दामच नाही सांगितलं तुला. तुमचे सर म्हने, माउसले हात लावू नको, नुसतं बसून राह्य. आबांना माहीत आहे.” तो आत गेला. त्याच्या मागे फाटक बंद झालं.

पथकाची गाडी यायच्या आधी तेवीसची वायर मी काढली. अभिमन सरांनी बघितलं, लगेच वर फोन लावला. वरची माणसं मागच्या जिन्याने गेली. पथकाला रिकामी खोली मिळाली. मी कागदावर सही केली.

पेपर सुरू होऊन वीस मिनिटं झाली. कॅमेऱ्यात पियुष दिसतोय. हात मांडीवर ठेवून स्क्रीनकडे बघत बसलाय.