आमी आलो व्हतो, पर गेटापस्तोर

जळकोट, मंगळवार

तीर्थस्वरूप सुदामदादा,

धाकट्या अयोध्याचा लांबूनच वाकून नमस्कार. हितं समदे खुशाल हायत. आबांचा गुडघा थंडी सरल्यापासून ऐकायला लागलाय, देवणी गाय आज-उद्या व्यायला टेकली (म्हनून तर रविवारी आई आली न्हाई, गाय सोडून ती सोताच्या लग्नालाबी गेली नसती), आन रुक्मिणआत्या रोज दिवा लावायच्या आदी भितीला हात लावून बगती तशी बगती. तुजी तब्येत कशी हाय, मेसमदलं वरन पातळच हाय का, आन रिपीटर ब्याचच्या पोरांना पुढं बसवत्यात का मागं, ह्ये समदं कळीव.

आता तुज्या रागाचं. तू रविवारी त्या पान्याच्या पार्कात, लाटा येनाऱ्या हौदापाशी, सकाळधरनं आमची वाट बगितली आसशील. मनात म्हनला आसशील, दिवाळीपासून तोंड बगितलं न्हाई, होस्टेलवर सर भेटू देत न्हाईत, आता परीक्षेचं टेन्शन उतरवायला सरांनी एक दिस पोरांना पान्यात सोडलं, घरच्यांना तितं या म्हनून निरोप धाडला, तरीबी आपले लोक आले न्हाईत. दादा, आमी आलो व्हतो. साडेनवाला गेटावर हजर व्हतो. आन तुमची गाडी चार वाजता निगाली तवाबी गेटावरच व्हतो. फकस्त गेटाच्या ह्या अंगाला व्हतो. कामून, ते सांगते. पुरं वाच, अर्ध्यात फेकू नको.

आमी पहाटंच्या गाडीनं उदगीर आन तितनं लातूर गाठलं. लातुरात नळाला आठ-आठ दिस पानी न्हाई, आन भायर रोडला लोकं तिकीट काढून अंगावर पानी सोडून घ्यायलेत, ह्ये बगून आबा पयलेच गरम झाले व्हते. त्यात गेटावर ती चौकट. भित न्हाई, कवाड न्हाई, निस्ती चौकट उबी केल्याली, आन तिच्यातनं मानूस गेला की ती वरडती. आत्या लांबूनच थांबली. तिच्या सासरचं घर भूकंपात पडलं तवा त्याची असलीच निस्ती चौकट उबी ऱ्हायली व्हती. ती म्हनली, ह्यांचं घर कवा पडलं. (मागची बाई हासली. ती नांदेडची व्हती, तिला काय म्हाईत.)

पयले आबा गेले. चौकट वरडली. तितला साहेब, बिलालभाई नाव त्याचं, तसा मानूस गोड, त्यानं चंची काढायला लावली. तिच्यातला अडकित्ता आन चुन्याची डबी जप्त. आबा परत गेले, चौकट परत वरडली. कंबरंपाशी. आता आबांच्या कंबरंला काय हाय तुला ठावं हाय, तुज्या ट्रंकेची दुसरी चावी. दिवाळीला तू इसरून गेलास तवापासून त्यांनी ती करगोट्याला बांधून ठेवली, म्हंजी हरवायची न्हाई. गाठ अशी बसली की नखानं निगंना. बिलालभाई म्हनला, “चच्चा, वो धागाच उतार दो ना, वापस देता मैं.” आबांनी त्याच्याकडं असं बगितलं की मलाच घाम फुटला. म्हनले, “बाबा, करगोटा जित्या मानसाचा उतरवत न्हाईत. तुला उतरवायचाच आसंल तर आदी मला ताटीवर झोपीव.” त्यो बिचारा दोन पावलं मागं सरला. आबा बाजूच्या लिंबाखाली जाऊन बसले ते बसलेच. रांगेतल्या बापे लोकायनं हळूच आपापल्या कंबरंला हात लावून बगितला.

मंग आत्या. आत्या कमानीखालीच येईना. चौकट त्या सिमिटाच्या मोठ्या कमानीखाली, जिच्यावर दोन मासे काडलेत, आन नऊ वर्सं झाली तरी आत्या पारखल्याबिगर कुठल्या स्लॅपाखाली उबी ऱ्हात न्हाई, ह्ये काय नवं हाय का. (तुला होस्टेलला सोडायला आली तवा तिनं वार्डनला सळई कितीची घातली म्हनून इचारलं व्हतं, तुला लई लाज वाटली व्हती.) तसंच हितं. ही कमान कुनी बांधली त्याला बोलवा. सळई कितीची. भूकंपाला टिकायचा सिमिटाचा पट्टा हाय का. मागं रांग वाढायली, लेकरं पवायचे कपडे घालून रडायली. बिलालभाई म्हनला, “खाला, कमान एकदम पक्की है.” आत्या म्हनली, “माजं घरबी पक्कंच व्हतं, बाबा.” त्यानं दोन मानसं बोलावली, टेबल उचललं आन बायकांची तपासनी कमानीच्या भायर उन्हात आनली. मी म्हनलं ना, मानूस गोड हाय.

पर टेबल भायर आलं आन त्याच्यावर आत्याचं गाठुडं सुटलं. ते गाठुडं म्हंजी तुला सांगायला नको, भूकंपाची रात व्हायच्या आदी जे घ्यायचं ऱ्हाऊन गेलं ते समदं त्यात हाय. टार्च, मेनबत्त्या, काड्याची पेटी, दाव्याचा तुकडा, विळा, बातम्या ऐकायचा रेडू, प्लास्टिकात गुंडाळलेला सातबारा, रेशनकार्ड, गूळ, फुटाने, आन तुज्यासाठी आईनं केल्याल्या दशम्या आन लाडवाचा डबा. बिलालभाई एक-एक वस्तू काढून मांडायला लागला, तशी रांग तमाशा बगितल्यावानी गोळा झाली. विळा निगाला तवा त्यानं आपली टोपी काढून डोकं खाजवलं. आत्या म्हनली, “दाराला दगूड आडवा पडला की आतल्या जनावराची दोरी कापायला लागती, तुला कळायचं न्हाई.” समदं जप्त झालं, एक शिट्टी सोडून. ती तिनं गळ्यातून काढूच दिली न्हाई. ती शिट्टी कामून हाय ते आपल्याला म्हाईत हाय. दुपारपस्तोर दगडाखाली वरडून-वरडून तिचा गळा बसला व्हता, आन वर लोकं हिंडत व्हते तरी कुनाला ऐकू गेलं न्हाई. तवापासून ती म्हनती, आवाजाचा भरवसा न्हाई, शिट्टीचा हाय.

तू म्हनशील, अयोध्ये, तू काय करत व्हतीस. तू पुढं होऊन सांगायचं ना, माजा भाऊ आत हाय, त्याला बोलवा. दादा, तुला माजा स्वभाव ठावं हाय. नववीला हजेरीच्या टायमाला मला ‘हजर’ म्हनायला आवाज निगत न्हवता. पयल्या बाकावर बसून मी पुरं वरीस गैरहजर लागले. शेवटाला मास्तर आबाला म्हनले, पोरगी येतच न्हाई, आन आबाबी म्हनले, मंग शाळंत नाव कशाला ठेवायचं. मी तितंच व्हते, आबांच्या मागं. जिला ‘हजर’ म्हनता आलं न्हाई ती चारशे लोकांत ‘माजा भाऊ’ म्हनून वरडंल का.

आता खरी अडचन ऐक. बायकांना तपासायला बाईच न्हवती. तपासायचं काम बिलालभाईच्या बायकोचं, साबेराभाभीचं. ती बाळंतपनाला मुदखेडला माहेरी गेल्याली. रोजचं क्यांटीनमदली बाई येऊन तपासती, पर रविवार, तिला भज्याची कढई सोडता येईना. बिलालभाई बायकांना हात लावू शकत न्हाई, सोडूबी शकत न्हाई. बापे लोकं भराभर आत, आन दीडशे बायका उन्हात. तिकीट फाडून हातात आन पाय फुफाट्यात. एक मास्तरीनबाई म्हनली, “आमाला काय बॉम्ब घेऊन पवायचं हाय का?” आन एकीनं तर पदर खोचून चौकटीलाच गदागदा हालीवलं, ती चौकट मंग रिकामीच वरडत बसली.

शेवटाला बिलालभाईनं काय केलं, रांगेतलीच कोनतरी एक पोरगी धरली. तिच्या डोक्यावर साबेराभाभीची निळी टोपी घातली, हातात ते कूं कूं करनारं दांडकं दिलं, आन उबी केली. दादा, तुला सांगते, असली आडमुठी पोरगी मी बगितली न्हाई. तोंडानं शब्द न्हाई. निस्ती शिट्टी वाजवायची. एक शिट्टी, हात वर. दोन शिट्ट्या, फिरा. तीन, चला आत. आन बायका ऐकायल्या की. पर कुनालाच सोडंना. एक बाई लेकराच्या दुपट्यात लेकराखाली अख्खा कुकर घेऊन चालली व्हती, भातासकट, तिनं लेकरू परत दिलं आन कुकर ठेवून घेतला. तुज्या ब्याचच्या कोन्या पोराची आई नांदेडवरून बदाम, अंगारा आन शंभर प्रश्नांचा संच घेऊन आली व्हती, का तर पोरगं पान्यात बसल्या-बसल्या सोडवंल. तिचे बदाम काढले, अंगारा सोडला, आन प्रश्नसंचावर ती पोरगी लई येळ इचार करत ऱ्हायली. मंग तोबी काढला. (त्या पोराला म्हनावं, कुनाचे उपकार हायत बग.) लिंबाखाली डब्यांचा ढीग लागला, आन आबा तितं बसून त्याला राखन. आपल्या लाडवाचा डबासुदिक टेबलावरनं उचलून तिनं त्याच ढिगात ठेवला, मागं दीडशे बायका बगायल्या व्हत्या ना. आत्या तिच्या तोंडाकडं बगतच ऱ्हायली.

आशी रांग सरकता-सरकता चार वाजले. आबा लिंबाखाली डब्यांच्या ढिगाआड, आत्या कमानीकडं पाठ करून, आन तुमची पोरं भायर निगून गाडीत. तू त्या टोपीवालीला बगितलंच आसशील, गेटातच उबी व्हती. सांगायचं येवढंच की आमचा काय कसूर न्हाई. कसूर आसंल तर तपासनीवाल्यांचा. असल्या लोकांना कामावर ठेवतंय तरी कोन. लाडू परत आनले, दोन फुटलेत, ते मी खाल्ले, बाकीचे आईनं धाडायला बांधलेत. अभ्यास कर, पर डोळे सांभाळून कर. आई म्हनती केस बारीक कर. आबा काई म्हनत न्हाईत, पर तुज्या नावाचं पत्र लिवायली म्हनल्यावर कंदिलाची वात त्यांनीच मोठी केली.

तुजी न ऐकू येनारी भन,
अयोध्या

ता.क. दादा, एक ऱ्हायलं. ती टोपीवाली पोरगी मीच व्हते. बिलालभाई म्हनला, दीडशे बायकांत ही एकलीच भांडत न्हाई, हिलाच उबी करा. मी न्हाई म्हनायला तोंड उघडलं, पर आवाज निगाला न्हाई, आन त्याला वाटलं मी व्हय म्हनले. मंग दांडकं हातात आन शब्द काई निगंना, बायका वरडायल्या, तवा आत्यानं आपल्या गळ्यातली शिट्टी काढून माज्या गळ्यात घातली. म्हनली, “तोंडातनं निगंना तर ह्यातनं काढ. कुनाला तर ऐकू जाईल.” पयली शिट्टी वाजवली आन शंभर बायकांचे हात वर गेले. दादा, मला आयुष्यात कुनी ऐकलं न्हवतं, सोताच्या हजेरीला न्हाई. मंग मी थांबलेच न्हाई. तुला भेटायला आत जायचं व्हतं ह्ये दोन वाजेपस्तोर ध्यानातच ऱ्हायलं न्हाई, ह्ये खरं, आन ध्यानात आलं तवा रांग सोडता येईना. चारला तू भायर निगालास, केस वले, गालफाडं बसल्याली, संगं तीन पोरं. मी जीव खाऊन लांबलचक शिट्टी मारली, तुज्यासाठी. तर मदल्या समद्या बायकांनी हात वर केले आन मी दिसलेच न्हाई. तू वळून बगितलंस आन लई हासलास. मला राग न्हाई आला. निकाल लागल्यापासून तुला हासताना मी पयल्यांदा बगितलं.

तर आता खरं काम. बिलालभाई म्हनलाय, साबेराभाभी मुदखेडवरनं येईपस्तोर चार-पाच म्हयने गेटावर ये. त्याची अम्मी म्हनली, पोरगी माज्यापाशी ऱ्हाईल. मला अठरा पुरे झालेत. तितनं तुजं होस्टेल रिक्षानं दहा मिन्टं, मंग सरांच्या सुटीची वाट बगायला नको. पर आबाला सांगनार कोन. तुजं ते ऐकत्यात. माज्यावतीनं आबाला चार ओळी लिव.

ता.क. दुसरं. लिवू नको. पाकीट चिकटवता-चिकटवता मनात आलं, तुजं पत्र येईल, आबा वाचत्याल, आन मी परत मागं उबी. म्हनून शिट्टी घेऊन अंगनात गेले. आबा सुपारी कातरत बसले व्हते. वाजवली. आबांनी पयले दोनी हात वर केले (रविवारी दिसभर बगून-बगून सवय लागली म्हने), मंग इचारलं, “काय गं?” मंग सांगितलं. तोंडानंच सांगितलं. आबांनी कातरलेली सुपारी चंचीत टाकली. मंग अडकित्ता घेतला (त्या दिशी त्यो जप्तीत व्हता), करगोटा सांभाळून निस्ता चावीचा दोरा कापला आन चावी माज्या हातात दिली. म्हनले, “त्याची त्याला नेऊन दे.”

येत्या रविवारी सरांना कायबी सांग आन गेटावर ये. चावी माज्यापाशी हाय. खिशात खायचं आसंल तर भायरच खाऊन ये, मी सोडनार न्हाई.